फुलांची चिठ्ठी: पहिला बोलका गुच्छ बांधणाऱ्यांसाठी

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दादरच्या फुलबाजारात पाय ठेवायला जागा नसते. जिकडे पाहावं तिकडे झेंडू. पोत्यांत झेंडू, टोपल्यांत झेंडू, फुटपाथवर अंथरलेल्या प्लास्टिकवर झेंडूचे ढीग. तोच झेंडू १८८४ नंतरच्या लंडनमध्ये एखाद्या मुलीला कुणी पाठवला असता आणि तिने टेबलावरचा फुलांचा अर्थकोश उघडला असता, तर तिथे तिला अर्थ सापडला असता: 'असंस्कृत मनं'. आणि मेक्सिकोत, जिथून हे फूल जगभर गेलं, तिथे नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्याच्या पाकळ्यांची वाट घालतात, म्हणजे गेलेल्या माणसांना आपलं घर सापडावं.

एकच फूल, तीन ठिकाणी तीन अर्थ. फुलांच्या भाषेत पहिल्यांदा हात घालणाऱ्या प्रत्येकाला मी हीच गोष्ट आधी सांगते. 'या फुलाचा खरा अर्थ काय?' असं कुणी विचारलं तर त्याला उत्तर नसतं. अर्थ ठरतो देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये. तो दोघांनाही ठाऊक असेल तर फूल बोलतं, नाहीतर ते नुसतं सुंदर दिसतं. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

आधी थोडं मूळ

आज आपण जिला 'फुलांची भाषा' म्हणतो ती युरोपात तुर्कस्तानातून आलेल्या एका बातमीवर वाढली. लेडी मेरी वर्टली माँटेग्यू ही इंग्रज राजदूताची पत्नी १७१७-१८ मध्ये ऑटोमन दरबाराच्या शहरात राहत होती. देवीवरची टोचणी तिथे पाहून तिने ती इंग्लंडात नेली, त्यामुळे तिचं नाव वैद्यकाच्या इतिहासातही येतं. तिने मैत्रिणीला एका तुर्की प्रेमपत्राचं वर्णन पाठवलं. पत्र म्हणजे कागद नव्हे, एक लहानशी थैली. तिच्यात मोती, लवंग, एक फूल, नासपती, साबण, कोळसा, गुलाब, दालचिनी, मिरी असं काय काय. प्रत्येक वस्तूला जोडलेली एक ओळ होती. शाईला बोटही न लावता भांडता येतं, रुसता येतं, प्रेम करता येतं, साधी खबरबातही देता येते, असं तिने कौतुकाने लिहिलं. तिची पत्रं १७६३ मध्ये, ती गेल्यानंतर छापली गेली आणि युरोपभर वाचली गेली.

पण ती ओळ वस्तूला जोडली जायची कशी? इथे मजा आहे. नासपतीला तुर्कीत 'अरमुत' म्हणतात आणि तिची ओळ 'उमुत' या शब्दाने संपते. उमुत म्हणजे आशा. 'अरमुत, मला थोडी उमुत दे.' म्हणजे नासपतीचा आशेशी काही संबंध नाही, संबंध आहे तो यमकाचा. ऑस्ट्रियाचे प्राच्यविद्या अभ्यासक योझेफ फोन हॅमर-पुर्गश्टाल यांनी १८०९ मध्ये हे नीट उलगडून सांगितलं: हा प्रकार म्हणजे अंतःपुरातल्या बायकांचा आपापसातला यमकांचा खेळ आहे, गुप्त प्रेमिकांची सांकेतिक लिपी नव्हे.

वाचताना मला आपला उखाणाच आठवला. तिथेही आधी एखादी वस्तू, मग यमक, आणि यमकाच्या आडून जे सरळ बोलायचं नाही ते. याकडे मी पुढे परत येणार आहे, कारण मराठी माणसाला ही भाषा बोलायची सगळ्यात सोपी वाट तिथूनच जाते.

युरोपने मात्र यमक सोडून दिलं आणि नुसते अर्थ उचलले. १८१९ मध्ये पॅरिसमध्ये शार्लोट द लातूर या टोपणनावाने एक पुस्तक निघालं (आपल्या लातूरशी या नावाचा संबंध नाही), आणि मग इंग्लंड-अमेरिकेत अशा कोशांची रांगच लागली. त्यांतला आज सगळ्यांत जास्त वापरला जातो तो चित्रकार केट ग्रीनअवे यांनी सजवलेला, १८८४ चा. या पुस्तकांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या बेव्हर्ली सीटन यांनी १९९५ मध्ये मांडलेला निष्कर्ष नवख्याला धीर देणारा आहे: लोक खरोखर अशा गुच्छांतून संभाषण करत होते याचा पुरावा जवळजवळ नाहीच. ही पुस्तकं मुख्यतः भेट द्यायची, दिवाणखान्यात ठेवायची, चाळायची. म्हणजे कुठलीतरी हरवलेली, परिपूर्ण भाषा होती आणि आपल्याला ती चुकत चुकत बोलावी लागतेय, असं समजून दडपून जाऊ नका. तुम्ही दोघं मिळून ती आज सुरू करू शकता.

पहिली पायरी: यादी एकच ठेवा

नेटवर शोधलंत तर दहा याद्या सापडतील आणि दहाही एकमेकींशी भांडतील. सुरुवातीला मीही दोन याद्या एकत्र केल्या होत्या. परदेशी असलेल्या मैत्रिणीला वाळवलेल्या लॅव्हेंडरची जुडी पाठवली, कारण माझ्या एका यादीत त्याचा अर्थ 'निष्ठा' होता. तिच्याकडे ग्रीनअवेचा कोश. त्यात लॅव्हेंडर म्हणजे 'अविश्वास'. दोन दिवस ती गप्प होती आणि मला कारण कळेना.

म्हणून माझा आग्रह ग्रीनअवेच्या यादीचा. ती छोटी आहे, दोन-चार शब्दांत अर्थ देते, आणि जुनी असल्यामुळे कुणालाही मोफत वाचता येते. पुढे जिथे मी 'कोश' म्हणते तिथे तोच समजा.

एक सावधगिरी गुलाबाबद्दल. आपल्या कॉलेजांतल्या रोज डेला पिवळा गुलाब मैत्रीचा असतो. कोशात पिवळा गुलाब म्हणजे 'ओसरतं प्रेम, मत्सर'. लाल गुलाब दोन्हीकडे प्रेमाचाच. तेव्हा कॉलेजच्या मित्राला द्यायचा असेल तर रोज डेची यादी पाळा, कोश बाजूला ठेवा. समोरच्याच्या डोक्यात आधीच जी यादी आहे ती कुठल्याही पुस्तकापेक्षा मोठी.

दुसरी पायरी: आधी वाक्य, मग फूल

नवखा माणूस फुलबाजारात जातो, आवडली ती फुलं घेतो आणि घरी येऊन त्यांचे अर्थ शोधतो. मग 'नखरा, लाजाळूपणा, अविचार' अशी विचित्र माळ तयार होते. उलट करा. कागदावर एक छोटं मराठी वाक्य लिहा. 'तुझी आठवण येते.' 'तुझ्यातले गुण फार लोकांना दिसले नाहीत, मला दिसले.' 'मी खरं बोलतेय.' एका गुच्छात तीनपेक्षा जास्त कल्पना घालू नका. चौथी कल्पना घेणाऱ्याला सापडतच नाही.

तिसरी पायरी: अर्थामागचं कारण शोधा

कोश पाठ करायची गरज नाही. बहुतेक अर्थांमागे एखादं कारण असतं, आणि ते कळलं की फूल विसरत नाही. मला या सगळ्या छंदात हा भाग सर्वांत जास्त आवडतो.

काही अर्थ नावातून येतात. पॅन्सी म्हणजे 'विचार', कारण ते नाव फ्रेंच 'पाँसे' वरून आलं आणि पाँसे म्हणजेच विचार. शेक्सपिअरच्या हॅम्लेटमध्ये भान हरपलेली ऑफेलिया फुलं वाटताना हेच सांगते: रोझमेरी आठवणीसाठी, पॅन्सी विचारांसाठी. कोशात साधा मेरीगोल्ड म्हणजे 'दुःख', तेही असंच. युरोपातला तो जुना मेरीगोल्ड म्हणजे आपल्या नर्सरीत कॅलेंड्युला नावाने मिळणारं फूल. फ्रेंचमध्ये त्याला 'सूसी' म्हणतात आणि सूसीचा दुसरा अर्थ काळजी, चिंता. आपला झेंडू वेगळा. कोशात मोठ्या झेंडूला 'आफ्रिकन' मेरीगोल्ड आणि छोट्याला 'फ्रेंच' मेरीगोल्ड म्हटलंय, खरं तर दोघंही मेक्सिकोकडचे. मोठा म्हणजे 'असंस्कृत मनं', छोटा म्हणजे 'मत्सर'. भडक रंग आणि उग्र वास ही आपल्याला सणाची खूण वाटते, त्या काळच्या इंग्रज दिवाणखान्याला तीच गोष्ट खटकली.

नावातून अर्थ काढायची रीत मराठीत किती सहज बसते पाहा. अबोली. नावातच अबोला. कोशात ती नाही, पण रुसलेल्या मैत्रिणीला अबोलीचा वळेसर पाठवलात तर कोश लागणारच नाही.

काही अर्थ झाडाच्या वागण्यातून येतात. तेरडा म्हणजे 'उतावीळपणा', लाल तेरडा म्हणजे 'मला शिवू नकोस'. पिकलेल्या बोंडाला नुसतं बोट लावा, ते फटकन फुटून बिया उडवतं. लहानपणी हा खेळ ज्यांनी खेळलाय त्यांना कारण सांगावं लागत नाही. वनस्पतिशास्त्रातलं त्याचं नावही 'इम्पेशन्स', म्हणजे अधीर. आपण त्याच झाडाकडे बघून 'तेरड्याचा रंग तीन दिवस' म्हणतो आणि गौरीच्या दिवशी तोच तेरडा वाजतगाजत घरात आणतो. गुलबक्षी दुपारभर मिटलेली असते आणि संध्याकाळी उमलते, म्हणून 'भिडस्तपणा'. लाजाळू म्हणजे 'हळवेपणा', तिथे आपलं नाव आणि त्यांचा अर्थ हातात हात घालून उभे आहेत. स्नोड्रॉप बर्फातून डोकं वर काढतो म्हणून 'आशा'. आयव्हीची वेल धरलं ते सोडत नाही म्हणून 'निष्ठा, विवाह'.

वासातूनही. निशिगंध म्हणजे 'धोकादायक सुख'! रात्री बंद खोलीत निशिगंधाची जुडी ठेवून झोपलेल्या माणसाला हा अर्थ पटेल. आपण मात्र लग्नाच्या हारात तो बिनधास्त ओवतो. कोथिंबीर म्हणजे 'लपलेला गुण', कारण युरोपातल्या लोकांना ताज्या पानांचा वास नकोसा वाटायचा आणि वाळलेले धणे सुगंधी. कोशात भाज्याही आहेत, हे ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटतं: कोबी 'नफा', बटाटा 'परोपकार', लेट्यूस 'थंडपणा'.

आणि काही अर्थ कथांतून. पाण्यातल्या स्वतःच्या प्रतिबिंबावर भाळलेल्या ग्रीक तरुणाचं नाव घेतलेलं नार्सिसस म्हणजे 'अहंकार'. आपल्याकडे शंकराला केतकी चालत नाही, यामागेही कथाच आहे ना?

चौथी पायरी: आपल्या बाजारात काय मिळतं

कोशातली निम्मी फुलं महाराष्ट्रात मिळत नाहीत. त्यामागे लागू नका. पुण्याच्या मार्केट यार्डात किंवा गावातल्या फुलवाल्याकडे जे रोज असतं, त्यातून एवढं तरी सांगता येतं:

लाल गुलाब, प्रेम. पांढरा गुलाब, 'मी तुझ्या योग्य आहे'.
पांढरी शेवंती, सत्य. लाल शेवंती, 'माझं प्रेम आहे'. पिवळी शेवंती, झिडकारलेलं प्रेम.
अ‍ॅस्टर, विविधता. डेलिया, अस्थिरता.
गडद लाल कार्नेशन, 'माझ्या बिचाऱ्या हृदया!'. पट्ट्यापट्ट्यांचं कार्नेशन, नकार. पिवळं, तिरस्कार.
पांढरी लिली, शुद्धता.
नेचा, म्हणजे फुलवाला गुच्छाच्या मागे लावतो तो फर्न, मोहिनी.
पुदिना, सद्गुण. रोझमेरी, आठवण. बडीशेपेचं झाड, 'स्तुतीस पात्र'.

जर्बेरा कोशात सापडणार नाही. ती दक्षिण आफ्रिकेतली, युरोपातल्या बागांत ती रुजली तोवर हा कोश छापून झाला होता. तिला तुम्हाला हवा तो अर्थ द्या, फक्त किल्लीत लिहा. किल्ली म्हणजे काय ते पुढे येतंय.

पिवळ्या शेवंतीकडे पुन्हा बघा. कोशाप्रमाणे ती 'झिडकारलेलं प्रेम', आणि आपल्याकडे देवीच्या हारात, वेणीत तीच. सासूबाईंना पिवळ्या शेवंतीची वेणी दिलीत तर त्यांना ती वेणीच दिसेल, आणि तेच बरोबर आहे. कोशातला अर्थ आणि घरातला अर्थ जिथे समोरासमोर येतात तिथे घरातलाच जिंकतो. कमळाचंही तेच. कोशात 'दुरावलेलं प्रेम', आपल्याकडे लक्ष्मीचं आसन. अशी फुलं संकेतासाठी वापरूच नका, दुसरं काही निवडा.

विषारी फुलांबद्दल एकदाच सांगते, पण नीट ऐका. कण्हेरीचा कोशातला अर्थ 'सावध राहा' असा आहे आणि तो अगदी योग्य आहे: पान, फूल, देठ, सगळंच विषारी. लहान मुलं असलेल्या घरी कण्हेर पाठवू नका. मांजर असलेल्या घरी लिली पाठवू नका, तिचा परागही मांजराच्या मूत्रपिंडाला मारक ठरतो. आणि पुदिना-कोथिंबीर असलेल्या गुच्छात विषारी काहीही नको, कारण खायच्या वस्तू दिसल्या की कुणीतरी तोडून तोंडात टाकतं.

पाचवी पायरी: थोडं व्याकरण

नुसत्या शब्दांनी वाक्य होत नाही. फ्रेंच पुस्तकाने यासाठी काही नियम दिले आणि पुढच्या इंग्रजी पुस्तकांनी ते उचलले. फूल सरळ दिलं तर अर्थ सरळ, उलटं दिलं तर अर्थही उलटा. गुलाबाची कळी काटे-पानांसकट दिली तर 'मला भीती वाटते, पण आशाही आहे'. काटे काढले तर 'आशेला भरपूर जागा आहे'. पानं काढून काटे ठेवले तर 'भिण्यासारखं सगळं काही'. हा एक नियम शिकलात तरी पुरे, कारण एका कळीतून चार वाक्यं निघतात आणि कात्रीशिवाय काही लागत नाही.

दुसरा नियम डाव्या-उजव्याचा. फूल उजवीकडे कललेलं असेल तर 'मी', डावीकडे असेल तर 'तू'. हे वाचलं तेव्हा मला कोकणातला कौल आठवला, गोव्यात ज्याला प्रसाद लावणं म्हणतात तो. मूर्तीच्या अंगावर ओल्या पाकळ्या किंवा कळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, आणि कुठल्या बाजूची पाकळी पडते ते पाहायचं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. फुलाच्या बाजूवरून उत्तर वाचणं आपल्याला मुळीच परकं नाही. पण म्हणूनच, देणारा आणि घेणारा समोरासमोर असतील तर उजवं कुणाचं धरायचं ते आधी ठरवा. मी नेहमी घेणाऱ्याचं धरते.

सहावी पायरी: बांधणी

अशा बोलक्या छोट्या गुच्छाला इंग्लंडात 'टसी-मसी' म्हणत. तो मुठीत मावेल एवढाच असतो. मोठा बुके इथे उपयोगाचा नाही, त्यात अर्थ बुडून जातो.

फुलं सकाळी लवकर आणा. देठ तिरके कापा, खालची पानं काढा आणि दोन-तीन तास बादलीत पाण्यात उभी ठेवा. सगळ्यात महत्त्वाचं फूल, म्हणजे वाक्यातला कर्ता म्हणा हवं तर, मधोमध. ते डाव्या मुठीत सैल धरा. दुसरी फुलं त्याच्याभोवती एकेक लावत जा आणि प्रत्येक फुलागणिक गुच्छ थोडा फिरवा. घाई केलीत तर एक बाजू बोडकी राहते. एका कल्पनेची फुलं एका वेढ्यात ठेवा, मिसळू नका. शेवटी बाहेरून नेच्याची किंवा पुदिन्याची झालर. धागा मी फुलवाल्यांकडे असतो तोच वापरते, केळीच्या सोपटाचा, ओला करून. तो देठ कापत नाही. देठांची टोकं ओल्या कापसात गुंडाळून वर पान बांधलं की दोनेक तासांचा प्रवास होतो.

उदाहरण देते. निवृत्त होणाऱ्या एका बाईंसाठी मी केलेला गुच्छ: मध्ये एक पांढरी शेवंती (हे खरं सांगते), भोवती फुलोऱ्यावर आलेली कोथिंबीर (तुमच्यातला लपलेला गुण), मग रोझमेरीच्या काड्या (आठवण राहील). कोथिंबिरीचा फुलोरा पांढरा, नाजूक, फुलवाल्याकडच्या जिप्सीसारखा दिसतो आणि विकतही घ्यावा लागत नाही. कुंडीतली कोथिंबीर काढायला विसरलात की तो आपोआप येतो.

सातवी पायरी: किल्ली

किल्लीशिवाय गुच्छ पाठवू नका. एका छोट्या कार्डावर प्रत्येक फुलाचं नाव आणि अर्थ लिहा. हवं तर कार्ड घडी घालून चिकटवा, म्हणजे आधी ओळखायचा प्रयत्न करता येतो. किंवा आधीच ठरवून दोघांनी एकाच यादीची प्रत जवळ ठेवा.

'मग गुपित कसलं?' असं लोक विचारतात. गुपित तिसऱ्यापासून ठेवायचं असतं, घेणाऱ्यापासून नव्हे. आणि ज्याला तुमचा निरोप नको आहे, त्याला तो फुलांत लपवून पाठवू नये. ऑफिसातल्या मुलीच्या टेबलावर रोज एक बिननावाचा गुलाब ठेवणं याला मी फुलांची भाषा म्हणत नाही. तिने काही उत्तर दिलं नाही याचा अर्थ होकार होत नाही.

एकाच फुलाचा संकेत

इतिहासात जे फुलांचे संकेत खरोखर चालले, ते बहुधा लांबलचक वाक्यांचे नव्हते. एक फूल, एक अर्थ, आणि तो माहीत असलेली माणसं मोजकी. १८१४ मध्ये नेपोलियनला एल्बा बेटावर धाडलं तेव्हा त्याच्या समर्थकांनी व्हायोलेटचं फूल ही आपली खूण केली. व्हायोलेट फुलतील तेव्हा तो परतेल, असा त्यामागचा विश्वास. त्याला ते 'कॉर्पोरल व्हायोलेट' म्हणत. 'तुम्हाला व्हायोलेट आवडतात का?' या प्रश्नाला सरळ 'हो' म्हणणारा बाहेरचा आणि 'बरं, मग?' अशा अर्थाचं उत्तर देणारा आतला, असं सांगतात. २० मार्च १८१५ ला तो पॅरिसमध्ये पोहोचला, व्हायोलेटच्याच दिवसांत. २० फेब्रुवारी १८९२ ला लंडनच्या सेंट जेम्स थिएटरात ऑस्कर वाइल्डच्या नाटकाचा पहिला प्रयोग होता. त्या वेळी वाइल्ड आणि त्याचे काही मित्र कोटाला हिरवं रंगवलेलं कार्नेशन लावून आले. जे निसर्गात नाही तेच निवडलं, हे लक्षात घ्या. बाकीच्यांना ती फक्त फॅशन दिसली.

घरात करून पाहायचं असेल तर हाच प्रकार सर्वांत टिकाऊ. आमच्याकडे खिडकीत अनंताचं फूल ठेवलेलं असलं की 'पाहुणे आहेत, मोठ्याने भांडू नका'. मुलांना हे सांगायला एक मिनिट लागलं आणि वर्षानुवर्षं चालतंय.

मराठी वाट: यमकाची

आता तुर्की थैलीकडे परत. कोशाचे अर्थ परक्या मातीतले, पण यमक आपलंच आहे. ज्यांच्या तोंडी उखाणे आहेत त्यांना हे पाच मिनिटांत जमतं. मी आणि माझ्या मावसबहिणीने मिळून केलेली ही यादी, यात तुमची भर घाला:

मोगरा: राग सोड ना जरा.
शेवंती: एवढीच विनंती.
जाई: उत्तराची नाही घाई.
गुलाब: पाठव ना जबाब.
मरवा: पोचल्याचं कळवा.
निशिगंध: जपू या हा बंध.
जास्वंद: झाला फार आनंद.
गुलबक्षी: मनच माझं साक्षी.

मोगरा, शेवंती आणि जाई एकत्र बांधा: 'राग सोड ना जरा, एवढीच विनंती, उत्तराची नाही घाई.' भांडणानंतर याहून चांगली चिठ्ठी मला लिहिता आलेली नाही. अडचण एकच, ऋतूंची. मोगऱ्याचा बहर उन्हाळ्यात, जाईचा पावसाळ्यात, शेवंतीचा थंडीकडे. जून उजाडला की मोगऱ्याची शेवटची आणि जाईची पहिली फुलं कधी कधी एकत्र मिळतात, शेवंती तर मोठ्या बाजारात बरेच महिने असते. नाहीच जमलं तर एका फुलावर भागवा. यमकात एका फुलाचंही पूर्ण वाक्य होतं, हा त्याचा कोशावरचा मोठा फायदा.

यमक करताना दोन गोष्टी पाळा. ओळ फुलाच्या नावाने संपणाऱ्या आवाजावरच संपू दे, नाहीतर ती आठवत नाही. आणि ओळ बोलण्यातली असू दे. 'निशिगंध: हृदयीचा अनुबंध' असं काही केलंत तर ते पत्रिकेवर छापल्यासारखं वाटतं, माणूस बोलल्यासारखं नाही. परदेशात असाल तर तिथल्या फुलांची मराठी यमकं करा. ट्यूलिपला जमत नाही म्हणून सोडू नका, डॅफोडिल आहेच: 'डॅफोडिल: इथे लागत नाही दिल.'

उत्तर आलं तर

आधी मधलं फूल बघा, मग झालर, मग काटे आहेत की काढलेत ते. उलटं लावलेलं फूल मुद्दाम आहे की वाटेत हललं, अशी शंका आली तर सरळ फोन करून विचारा. पट्ट्यापट्ट्यांचं कार्नेशन आलं तर तो नकार. बहुतेकदा फुलवाल्याकडे तेवढंच उरलेलं असतं, तरी विचारून घ्या.

आलेला गुच्छ टिकवायचा असेल तर तो कोमेजायच्या आत सोडवा. प्रत्येकी एक फूल वर्तमानपत्राच्या घडीत ठेवून जाड पुस्तकाखाली दोन-तीन आठवडे दाबा, कागद पहिल्या आठवड्यात दोनदा बदला. वहीत डकवताना खाली तारीख आणि किल्ली लिहा. पांढरी शेवंती, नेचा, कोथिंबिरीचा फुलोरा हे सगळं छान राहतं. मोगरा दाबू नका, तो तपकिरी पडतो. त्याची फुलं वाटीत पाण्यावर सोडा आणि संपेपर्यंत वास घ्या.